बॅगेमागची पाठ: विमानतळावरचं सामान, यंत्रं आणि लोडर यांविषयी कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सावंतवाडी तालुक्यातला. अकरा वर्षं एका मोठ्या विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या मोकळ्या आवारात, काढली. आधी लोडर, मग सुपरवायझर. गावी परतल्यापासून दोन तऱ्हेची माणसं घरी येतात. एक, ज्यांची बॅग उशिरा आली, फुटली किंवा आलीच नाही असे चाकरमानी. दुसरे, ज्यांचा मुलगा गोव्यातल्या मोप्याला किंवा नवी मुंबईला 'सामानाच्या कामावर' लागलाय असे आईबाप. दोघांचे प्रश्न वेगळे, पण उत्तर शोधत गेलं की मी बहुतेक वेळा एकाच माणसापाशी पोहोचतो: विमानाच्या पोटात गुडघ्यावर बसून बॅगा रचणाऱ्या लोडरपाशी. म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवलंय.

आपल्या पट्ट्यात विमानतळ कुठले, आणि हे प्रश्न आत्ताच का वाढलेत?

गोव्यातला दाबोळी जुना, नौदलाच्या तळावरचा. सिंधुदुर्गातल्या चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. मोप्याचं ११ डिसेंबर २०२२ ला, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटू लागली. नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबरपासून. चार-पाच वर्षांत एवढं उभं राहिलं. बांदा, दोडामार्ग, पेडण्याची पोरं मोप्याला जातात, पनवेल-उरणची नवी मुंबईला. ज्या घरात कुणी कधी विमानात बसलं नव्हतं, त्या घरातला मुलगा आज विमान भरतो. प्रश्न वाढणारच.

काउंटरवर दिलेली बॅग पडद्याआड गेली की पुढे काय होतं?

बॅगेला जो कागदी टॅग लावतात त्यावर दहा आकडी क्रमांक असतो. त्यातले तीन आकडे विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा बॅगेचे. टॅगवर तुमचं नाव असतं, पण यंत्र वाचतं ते आकडे. ते वाचून संगणकाला विचारतं, ही कुठल्या विमानाची? काउंटरवरून तो निरोप आधीच गेलेला असतो, म्हणून उत्तर लगेच मिळतं.

मोठ्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून जाता जाताच एक्स-रेमधून जाते. चित्रात काही खटकलं तर ती बाजूला वळते, पुन्हा तपासली जाते, तरी शंका राहिली तर प्रवाशाला बोलावून उघडतात. पास झालेली बॅग फाटे बदलत आपल्या विमानाच्या उतारावर, म्हणजे च्यूटवर, येऊन पडते. इथपर्यंत माणसाचा हात लागत नाही.

इथून पुढे मात्र आपल्याकडे बहुतेक सगळं हातानं. च्यूटवरून उचलून ट्रॉलीत. ट्रॅक्टर ती ट्रॉली विमानापाशी ओढून नेतो. ट्रॉलीतून उचलून बेल्ट लोडरवर, म्हणजे विमानाच्या दारापर्यंत चढणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर. बेल्ट लोडरवरून आलेली बॅग विमानाच्या पोटात बसलेला माणूस ओढून घेतो आणि थप्पी लावतो. उतरवताना हेच उलट: थप्पी मोडायची, बेल्ट लोडर, ट्रॉली, आणि शेवटी तुम्ही जिथे वाट बघत उभे असता तो पट्टा. मोजून बघा, एका सरळ प्रवासात तुमची बॅग सहा वेळा उचलली जाते. मध्ये विमान बदलायचं असेल तर आणखी.

दूरच्या देशांना जाणाऱ्या रुंद विमानांत बॅगा ॲल्युमिनियमच्या डब्यात भरतात आणि अख्खा डबाच आत सरकवतात. मुंबई-गोवा, पुणे-गोवा असल्या फेऱ्यांच्या अरुंद विमानांत बॅगा सुट्याच भरल्या जातात. आपल्या पोरांच्या वाट्याला जास्त करून हीच विमानं येतात.

प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात आणि विमानाला उशीर करतात. कशाला?

२३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत स्फोटकं होती ती चढवली गेली होती, बॅगेचा मालक चढलाच नव्हता. तेव्हापासून माणूस नाही तर बॅगही नाही, हा नियम जगभर कडक झाला. आज प्रत्येक बॅग विमानात जाताना स्कॅन होते, म्हणून कुठली बॅग कुठल्या ट्रॉलीत गेली हे कळतं आणि ती शोधणं सोपं जातं. शोधायला मात्र पोटातल्या माणसालाच शंभर बॅगा पुन्हा हलवाव्या लागतात. उशीर झाला तर त्याच्यावर रागावू नका.

"माझो झील मोपाक लोडर म्हणून लागलो. तेच्या पाठीक काय होयत?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा आई विचारते. खोटा धीर देणार नाही. काळजी घेतली नाही तर होतं.

साधा हिशोब मांडतो. एका १८० आसनांच्या विमानात १२० बॅगा आल्या असं धरा, सरासरी १४ किलोच्या. झाले १,६८० किलो. तेवढे उतरवायचे, तेवढेच पुन्हा भरायचे. म्हणजे एका विमानामागे ३,३६० किलो. एका शिफ्टमध्ये अशी चार विमानं आली तर तेरा टनांच्या वर. पोटात दोघे असतील तर एकेकाच्या हाताखालून साडेसहा टनांहून जास्त वजन जातं. तिथे एकच माणूस ठेवला तर सगळं त्याच्या एकट्यावर.

आता हे वजन कसं उचलायचं ते बघा. या विमानांच्या पोटाची उंची जेमतेम सव्वा मीटर. उभं राहता येत नाही. माणूस गुडघ्यावर, डोकं खाली, कंबर वळवून एका बाजूची बॅग दुसऱ्या बाजूला फेकल्यासारखी सरकवतो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायोश ही सरकारी संस्था आहे. तिच्या १९९१ च्या सूत्रात, सगळं अनुकूल असताना, एका माणसानं उचलायचं वजन २३ किलोपर्यंत धरलंय. सगळं अनुकूल म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, अंग न वळवता, अधूनमधून, आणि धरायला चांगली मूठ. यातली एकेक गोष्ट कमी झाली की ते वजन खाली येत जातं. विमानाच्या पोटात यातली एकही गोष्ट नसते. आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात एक बॅग ३२ किलोपर्यंत असू शकते.

तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला पहिली दोन वर्षं काही वाटत नाही. शेतात भाताची पोती उचललेली असतात, तो म्हणतो हे काय काम आहे. मीही तेच म्हणत होतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकणं जड जाऊ लागतं. त्या टप्प्यावर बरीच मुलं काम सोडतात आणि त्यांच्या जागी नवा, न शिकलेला मुलगा येतो. बॅगा चुकण्याचं आणि फुटण्याचं एक मोठं कारण हे आहे, पण सामानाच्या तक्रारींची चर्चा होते तेव्हा त्याचं नावही निघत नाही.

झिलाला एवढं सांगा: पोटात असताना दर विमानाला बाहेरच्याशी जागा बदलून घे. गुडघ्याला पॅड लाव. 'हेवी' टॅगची बॅग एकट्यानं उचलू नको, दुसऱ्याला हाक मार. कानाचे मफ काढून गळ्यात अडकवू नको. पाठ दुखली तर पहिल्याच आठवड्यात लेखी कळव. आणि झोप घे. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईत एक लोडर विमानाच्या सामानाच्या कप्प्यातच झोपी गेला, दार बंद झालं आणि तो थेट अबू धाबीला पोहोचला. सुखरूप उतरला हे नशीब. पुष्कळांनी ती बातमी गंमत म्हणून एकमेकांना पाठवली. मला ती वाचून दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही, कारण डबल शिफ्टनंतर बॅगांना टेकून डोळा लागणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

मग यंत्रं बसवायची तर कुठे?

माझं मत अगदी स्पष्ट आहे: जिथे पाठ मोडते तिथे आधी. आपल्याकडे पैसा आधी जातो तो प्रवाशाला दिसतं तिथे. काउंटरवर स्वतः टॅग छापायचं यंत्र, चकचकीत पट्टा, पडद्यावरची माहिती. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण काउंटर जलद झालं की च्यूटवर बॅगा जास्त वेगानं पडतात, आणि तिथे उभी असलेली माणसं तेवढीच राहतात. भार कमी होत नाही, पुढे सरकतो.

तीन साधनं मी सगळ्यांत आधी मागेन. पहिलं, विमानाच्या पोटात आतपर्यंत लांबत जाणारा बेल्ट लोडर. साधा बेल्ट लोडर दारापाशी थांबतो. तिथून बॅग पाच-सहा मीटर आत गुडघ्यावर ढकलत न्यावी लागते. लांबणाऱ्या पट्ट्याचं टोक आत वळतं, वर-खाली होतं आणि बॅग थप्पीच्या उंचीला आणून देतं. रचणारा फक्त ढकलतो. दुसरं, च्यूटपाशी व्हॅक्यूमवर चालणारा लिफ्टर. त्याचं तोंड बॅगेला चिकटतं, वजन तो पेलतो आणि माणूस दिशा देतो. तिसरं, ज्याची उंची कमी-जास्त करता येते अशी ट्रॉली किंवा च्यूट, म्हणजे जमिनीपासून उचलणं वाचतं. यांतलं कुठलंही साधन माणसाला घरी पाठवत नाही आणि अख्खी इमारतही उकरावी लागत नाही.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. लिफ्टर हातापेक्षा थोडा हळू चालतो. विमान वेळेवर काढायची घाई असली की माणसं तो बाजूला ढकलून हातानंच उचलू लागतात. मी स्वतः सुपरवायझर असताना पोरांना 'राहू दे ते, हातानं घे' म्हटलंय, आणि ते चूक होतं. ॲमस्टरडॅमच्या स्खिफोल विमानतळावरही साधनं असून पुरेशी वापरली जात नव्हती. शेवटी तिथल्या कामगार निरीक्षकांना ती वापरणं बंधनकारक करावं लागलं. म्हणून साधन विकत घेताना विमानामागे दोन माणसं वाढवायची किंवा पाच-सात मिनिटं जास्त द्यायची, हेही त्याच कागदावर ठरलं पाहिजे. नाहीतर यंत्र कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभं राहतं.

सगळंच आपोआप केलं तर? माणूसच नको, म्हणजे त्रासही नको.

असा प्रयत्न झालाय. अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळानं नव्वदच्या दशकात गाड्यांवरून आपोआप बॅगा नेणारी प्रचंड यंत्रणा बांधली. चाचणीत गाड्या एकमेकांवर आदळल्या, बॅगा फाटल्या, रुळांत अडकल्या. विमानतळ १६ महिने उशिरा, २८ फेब्रुवारी १९९५ ला उघडला, तोही यंत्रणेचा थोडाच भाग चालू ठेवून. उरलेलं काम ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांवरच होत राहिलं आणि २००५ मध्ये ती यंत्रणा सोडूनच दिली.

लंडनच्या हीथ्रोचं पाचवं टर्मिनल २७ मार्च २००८ ला उघडलं तेव्हा यंत्रणा यापेक्षा पुष्कळ बरी होती. तरी पहिल्याच दिवशी विमानं रद्द झाली आणि हजारो बॅगांचा ढीग पडला. संगणकात दोष होता, पण सुरुवात वेगळीकडेच झाली होती: कर्मचाऱ्यांना पार्किंग सापडेना, सुरक्षा तपासणीत ते अडकले, नव्या जागेचं पुरेसं शिक्षण मिळालेलं नव्हतं. बॅगा पट्ट्यावरून वेळेत आल्या आणि त्या उचलायला माणूस वेळेत पोहोचला नाही. नवी मुंबईसारख्या नव्या विमानतळाबद्दल बोलताना मी हे उदाहरण हमखास देतो. पहाटे चारच्या शिफ्टला उरणच्या गावातला मुलगा कशानं येणार, गाडी कुठे सोडणार, गेटवर किती वेळ उभा राहणार, हाही बॅगांच्याच कामाचा भाग आहे.

यंत्रं आली की आमच्या पोरांच्या नोकऱ्या जातील ना?

काही कामं कमी होतील, हे खरं. टॅग हातानं वाचून बॅगा वेगळ्या करणं हे काम मोठ्या विमानतळावर जवळजवळ गेलंच. पण पट्टा बंद पडला तर तो चालू करणारा, स्कॅनर न वाचलेली बॅग हातानं नोंदवणारा, मोटर आणि सेन्सर बघणारा, लिफ्टर चालवणारा अशी कामं वाढतात. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा फिटर झालेल्या आपल्या मुलांना ती जमणारी आहेत. माझी मागणी एवढीच, की यंत्र बसेल तेव्हा त्या कामाचं शिक्षण आधी तिथल्याच लोडरना द्यावं. ज्यांच्या जमिनी विमानतळात गेल्या त्यांच्या मुलांना तर पहिल्यांदा. जमीन देऊन हाती फक्त उचलण्याचं काम यावं, हे मला पटत नाही.

चिपीसारख्या लहान विमानतळाला एवढं सगळं लागतं का?

नाही. तिथे एटीआरसारखी सत्तर-बहात्तर आसनांची विमानं येतात, तिथे भूलभुलैयासारखे पट्टे काय करायचे? या विमानांत सामानाचा कप्पा प्रवाशांच्याच मजल्यावर असतो, त्यामुळे आत गुडघ्यावर बसावं लागत नाही. त्रास वेगळा: ट्रॉलीतून उचलून कमरेच्या वर असलेल्या दारात द्यायचं. एक लहान बेल्ट लोडर किंवा उंची बदलणारी गाडी आणली की बराचसा प्रश्न मिटतो. खर्चही आवाक्यातला.

लहान ठिकाणी खरी अडचण माणसांची असते. दिवसाला एक-दोन विमानं, मग पूर्ण पगारावर किती जणांना ठेवणार? म्हणून एकच मुलगा सामान, ट्रॅक्टर, पायऱ्या आणि व्हीलचेअर सगळं करतो. त्याला चारही कामं नीट शिकवली आणि चार कामांचा पगार दिला तर ही वाईट गोष्ट नाही, उलट तो उत्तम तयार होतो. न शिकवता, उचलणाऱ्याच्या पगारात करून घेतलं तर त्याच्यावर अन्याय होतो.

पावसाळ्यात बॅगा भिजतात आणि जास्त चुकतात, हे खरं का?

भिजतात, हे तर आपण सगळे बघतोच. चुकण्याचं कारण टॅगमध्ये आहे. बारकोड भिजला, चुरगळला किंवा घडी पडली की स्कॅनर वाचत नाही. बॅग बाजूच्या पट्ट्यावर जाते आणि कुणीतरी हातानं नोंदवेपर्यंत तिथेच राहते. विमान निघून जातं. ट्रॉलीला नीट बंद होणारा पडदा, विमानापाशी छत, आणि टॅगमध्ये चिप हे उपाय आहेत. चिपचा टॅग वाचायला तो दिसावा लागत नाही, ओला चालतो, बॅगेखाली दबला तरी चालतो. हाँगकाँग विमानतळ असे टॅग पुष्कळ वर्षं वापरतोय, आणि २०१९ मध्ये जगभरच्या विमान कंपन्यांच्या आयाटा संघटनेनं ते सगळीकडे आणायचा ठराव केला. आपल्या किनाऱ्याला तर ते सगळ्यांत आधी हवेत.

रॅम्पवर आडोसा नसतो. जूनमध्ये रेनकोट घातला की आतून घामानं भिजायला होतं, काढला तर बाहेरून. निसरड्या डांबरावर वीस किलोची बॅग घेऊन वळताना घोटा मुरगळतो. चांगल्या तळव्याचे बूट, बदलायला दुसरा जोड, कोरडी विश्रांतीची खोली आणि हाताशी पिण्याचं पाणी. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात पाण्याचा पिंप दहा मिनिटांच्या अंतरावर असेल तर माणूस पाणी पीतच नाही, आणि शेवटच्या विमानाला चक्कर येऊन बसतो. यासाठी कुठलंही परदेशी तंत्र लागत नाही.

बॅगा दहा मिनिटांत यायला हव्यात असा नियम आहे म्हणतात. मग अर्धा-पाऊण तास का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं सात विमान कंपन्यांना लेखी बजावलं: इंजिन बंद झाल्यापासून दहा मिनिटांत पहिली बॅग आणि तीस मिनिटांत शेवटची. प्रवाशांसाठी हे चांगलंच झालं. पण घड्याळ लावताना माणसं मोजली नाहीत तर ती मिनिटं लोडरच्या अंगातूनच काढली जातात. तीन विमानं एकाच वेळी उतरली आणि टोळ्या दोनच असल्या, तर तिसऱ्या विमानाच्या बॅगांना उशीर होणार. माझ्या मते मिनिटांची सक्ती करताना दर विमानामागे किमान किती माणसं हवीत, हेही त्याच आदेशात असावं.

ठेकेदार बदलला की मुलगा पुन्हा नवा. हे कसं चालतं?

चालतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. बहुतेक लोडर विमान कंपनीचे नसतात, विमानतळाचेही नसतात. ग्राउंड हँडलिंगची, म्हणजे विमान जमिनीवर असतानाची कामं करणारी, एक कंपनी असते, तिच्याखाली कधी मनुष्यबळ पुरवणारा आणखी एक ठेकेदार. विमानतळात जायचा पास कंपनीच्या नावावर असतो. ठेका गेला की पास परत, नवा पास येईपर्यंत घरी, आणि मागची सेवा पुसली जाते. आमच्या टोळीतल्या एकाचे सहा वर्षांत तीन वेळा असे 'पहिले दिवस' झाले.

१५ मे २०२५ ला सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी सरकारनं रद्द केली, तेव्हा मुंबईसह अनेक विमानतळांवर हजारो कामगार एका दिवसात दुसऱ्या कंपन्यांकडे वळवावे लागले. कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तेव्हा दिसलं, की कंपनी रातोरात बदलता येते आणि माणसं तीच लागतात, कारण काम त्यांनाच येतं. मग त्यांची सेवा सलग धरायला काय हरकत आहे?

हातात ठेवायच्या गोष्टी सांगतो. नेमणुकीचं पत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार ते प्रत्येकाला मिळायला हवं. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक एकच ठेवा, नव्या ठेकेदारानं नवा काढायचा म्हटलं तर जुना द्या. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो का ते स्लिपवर बघा. पाठीवरचे उपचार त्यातूनच होणार आहेत. आठ तासांच्या वरच्या तासांना दुप्पट दर. हजेरीची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवा.

पगार वाढवून खरंच बॅगा वेळेवर येतात?

२०२२ च्या उन्हाळ्यात स्खिफोलवर माणसंच मिळेनात. कोविडमध्ये कमी केलेली माणसं परत यायला तयार नव्हती, काम जड आणि पगार कमी म्हणून. प्रवाशांच्या रांगा इमारतीबाहेर गेल्या. तेव्हा विमानतळानं त्या उन्हाळ्यापुरते ताशी सव्वापाच युरो जादा द्यायचं कबूल केलं. आपल्याकडे उलट चित्र आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिन्याला लोडर-हँडीमनच्या सुमारे २,२०० जागांसाठी हजारो तरुण येऊन उभे राहिले; गर्दी इतकी, की अर्ज ठेवून घरी जायला सांगावं लागलं. माणसं मुबलक आहेत म्हणून टिकवायची गरज कुणाला वाटत नाही. पण चार वर्षांचा अनुभवी लोडर आणि चार दिवसांचा यांच्यात फरक असतो. पोटात जड कुठे, हलकं कुठे, शेवटी उतरणाऱ्या बॅगा कुठे, व्हीलचेअर कशी आडवी करायची, हे हात शिकतात. ते शिकलेले हात दर वर्षी बदलत राहणं महागच पडतं.

जगात बॅगा हरवण्याचं प्रमाण कमी झालंय की वाढलंय?

खूप कमी झालंय. विमान कंपन्यांना संगणक सेवा देणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालानुसार २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगा चुकत, उशिरा येत किंवा फुटत. २०२४ मध्ये ६.३. जून २०१८ पासून बॅग घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्यात देताना आणि परत सुपूर्द करताना अशा चार ठिकाणी नोंद ठेवण्याची आयाटाची अट आहे. त्याचा मोठा वाटा. म्हणजे यंत्रांनी काम केलंय. तेवढ्याच वर्षांत लोडरच्या पाठीचा असा काही आकडा कुठे वर्षागणिक छापला गेला असता, तर मला बरं वाटलं असतं.

लोडर मुद्दाम बॅगा आपटतात का?

काही आपटतात. बहुतेक वेळा पोटात बसून दूर सरकवायची तर फेकल्याशिवाय पोहोचतच नाही. लांबणारा पट्टा आला की हे आपोआप कमी होतं.

बॅग आलीच नाही तर?

विमानतळाबाहेर पडू नका. कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाची तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. टॅगचा छोटा तुकडा जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली तर सात दिवसांत आणि उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करायची असते. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरतात. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. देशातल्या प्रवासाची मर्यादा यापेक्षा पुष्कळ कमी, ती तिकिटाच्या अटींत वाचा.

हापूसच्या पेट्या, सुकी मासळी, खोबरं, दशावताराचे पेटारे: काय चालतं, कसं बांधायचं?

हापूस चालतो. सुतळीनं बांधलेली पेटी मात्र पट्ट्यावर वैताग आणते, सुतळीचं टोक रोलरमध्ये ओढलं जातं आणि अख्खा पट्टा थांबतो. चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी मारा आणि पेटी दहा-बारा किलोच्या वर नेऊ नका. सुकी मासळी दोन पिशव्यांत घट्ट बंद करून, कंपनीला आधी विचारून. कोकम आगळाची बाटली फुटली तर खालच्या दहा बॅगा रंगतात आणि चिकट रस सेन्सरवर बसला की पट्टा 'इथे बॅग आहे' असं समजून उभा राहतो. सुकं खोबरं चेक-इनच्या सामानातही चालत नाही. त्यात तेल जास्त असल्यानं ते आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. ओला नारळ चेक-इनमध्ये चालतो. पॉवर बँक चेक-इनमध्ये कधीच टाकू नका, ती हातातच. तिच्यासाठी बॅग बाजूला काढली जाते आणि विमान निघून जातं.

पेटारे, पखवाज, गोल बुडाच्या पिशव्या हे 'ऑड साइज'मध्ये वेगळे द्यायचे. पट्ट्यावर गोल वस्तू घरंगळते. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं तर वाद घालू नका.

प्रवासी म्हणून लोडरसाठी मी काय करू शकतो?

एका तीस किलोच्या बॅगेऐवजी पंधराच्या दोन, जिथे कंपनी परवानगी देते तिथे. दोन्ही बाजूंना मूठ असलेली बॅग. जुने टॅग काढून टाका, नाहीतर स्कॅनर गोंधळतो. बॅग जड असेल तर 'हेवी' टॅग मागून घ्या.

मुलगा सुट्टीवर आला की त्याला काय विचारू?

'काम कसं चाललंय' विचारलंत तर तो 'बरं' म्हणेल. त्यापेक्षा विचारा, पोटात किती जण असता? जागा बदलता का? शेवटची सुट्टी कधी मिळाली? पगाराची स्लिप दाखव बघू. आणि तो अंगणात वाकून नळाची बादली उचलेल तेव्हा तो कसा उचलतो, तिकडे लक्ष ठेवा.